मीठ टाकल्यावर बर्फ वितळतो, मग कुल्फी गोठते कशी? आणि गुळाची मऊ का पडते?

खानापूरकडच्या एका भावाचा प्रश्न आलाय. यंदा जत्रांच्या सिझनला त्यानं मटका कुल्फीची गाडी सुरू केलीय. तो विचारतोय की मीठ टाकलं की बर्फ भराभर वितळताना डोळ्यांनी दिसतंय, मग वितळणाऱ्या बर्फात कुल्फी गोठते कशी? दुसरं, मिठानं गाडीचा पत्रा खाल्ला जातोय तर त्याऐवजी साखर, युरिया, कॅल्शियम असलं काही चालेल का? आणि तिसरं म्हणजे साखरेची कुल्फी कांडीवर ताठ उभी राहतेय, पण गुळाची त्याच मडक्यात, तेवढ्याच वेळात मऊच पडतेय, असं का?

माझं आयुष्य बर्फाच्या कारखान्यात आणि नंतर आइस्क्रीम प्लांटच्या मशीन सांभाळण्यात गेलंय, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न माझ्या रोजच्या कामातले आहेत. थोडं लांब लिहितो, कारण "मीठ टाकलं की थंडी वाढते" एवढंच सांगून सोडलं तर पुढच्या वेळी गूळ सोडून मध घातलास की परत अडशील.

तिन्हीचं मूळ एकच आहे. पाण्यात काहीही विरघळलेलं असू दे, गोठताना पाणी एकटंच गोठतंय. मीठ, साखर, गूळ, दुधातले क्षार यांना बर्फाच्या स्फटिकात जागा नसतेय, ते सगळं बाहेर, उरलेल्या पातळ भागात ढकललं जातंय. हे एवढं पक्कं डोक्यात बसलं की बाकी सगळं त्यातून आपोआप निघतंय.

आता पहिला प्रश्न. बर्फ आणि पाणी शेजारी शेजारी असतात तेव्हा तिथं काही शांत नसतंय. बर्फाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सुटून पाण्यात जात असतात आणि पाण्यातले काही येऊन बर्फाला चिकटत असतात. शून्य डिग्रीला जाणारे आणि येणारे बरोबरीला असतात, म्हणून बर्फ ना वाढतो ना कमी होतो. बेळगावच्या स्टँडवर खानापूरची बस लागलीय असं समज, जेवढे उतरतायत तेवढेच चढतायत, बसमधली माणसं तेवढीच राहतायत. आता दाराशी जी गर्दी आहे त्यात निम्मे लोक निपाणीच्या बसची वाट बघणारे निघाले तर चढणारे कमी होणार, पण उतरणारे काही थांबत नाहीत, बस रिकामी होत जाणार. मीठ नेमकं हेच करतंय. ते बर्फाला हात लावत नाही, ते पाण्यात विरघळून बर्फावर येऊन बसणाऱ्या रेणूंची गर्दी पातळ करतंय. सुटणारे तेवढेच, बसणारे कमी, म्हणजे बर्फ वितळायला लागतो.

आणि इथंच लोक अडतात, कारण वितळणं म्हणजे गरम होणं असं आपल्या डोक्यात बसलंय. पण बर्फ वितळायला उष्णता लागतेय, १ ग्रॅमला जवळजवळ ८० कॅलरी, आणि ही उष्णता कुठून तरी यायला पाहिजे की. बाहेरून कोणी आग लावत नाही, मग तो बर्फ ती उष्णता शेजारच्या बर्फातून, खाऱ्या पाण्यातून, साच्याच्या पत्र्यातून आणि साच्यातल्या दुधातून ओढून घेतो. म्हणून सगळं मिश्रण शून्याच्या खाली उतरायला लागतंय. जसजसं थंड होतंय तसतसे बर्फावरून सुटणारे रेणूही कमी होत जातात, आणि एका ठिकाणी सुटणारे आणि बसणारे परत बरोबरीला येतात. ती बरोबरीची डिग्री म्हणजे त्या खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू. साध्या पाण्याची बरोबरी शून्याला, खाऱ्याची त्याच्या खाली.

हिशोबच करून दाखवतो, म्हणजे विश्वास बसेल. मडक्यात १० किलो बर्फ शून्य डिग्रीचा आहे आणि त्याला उणे १२ पर्यंत न्यायचंय. बर्फाला १ डिग्री उतरवायला किलोला साधारण अर्धी किलोकॅलरी काढावी लागतेय, म्हणजे १० किलोला १२ डिग्रीसाठी ६० किलोकॅलरी. १ किलो बर्फ वितळला की ८० किलोकॅलरी ओढून घेतो, म्हणजे साधारण पाऊण किलो बर्फ वितळला की उरलेला सगळा ढीग उणे १२ ला आला. थंडीची किंमत एवढीच, १० किलोतला पाऊण किलो. आणि तुझी १ किलो कुल्फी ३० डिग्रीवरून खाली आणून गोठवायला अंदाजे ६०-६५ किलोकॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे अजून एखादा किलो बर्फ गेला. बाकीचा जो वितळतोय तो खानापूरच्या उन्हापायी, कुल्फीपायी नव्हे. म्हणून मडक्याला ओलं पोतं, भुसा, थर्माकोल जे काही लावता येईल ते लाव, तिथं वाचवलेला पैसा मिठात वाचवलेल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो, मीठ स्वतः थंड करत नाही. एक लिटर साध्या पाण्यात मूठभर मीठ टाकून थर्मामीटर घालून बघ, जेमतेम डिग्रीभर उतरेल. सोऱ्याची (पोटॅशियम नायट्रेटची) गोष्ट वेगळी, तो विरघळताना खरोखरच बरीच उष्णता ओढतो, अकबराच्या काळात पिण्याचं पाणी सोऱ्यानं गार करत असत याची नोंद ऐन-ए-अकबरीत आहे. पण आपलं साधं मीठ बर्फाशिवाय काही कामाचं नाही, सगळी थंडी बर्फाच्या वितळण्यातून येतेय, मीठ फक्त त्याला शून्याच्या खाली वितळायला लावतंय.

आता किती खाली, ते कणांच्या संख्येवर ठरतंय. हे समजायला माणसाला बराच काळ लागला. १७८८ साली चार्ल्स ब्लॅगडेन यांनी दाखवलं की मीठ दुप्पट केलं की गोठणबिंदूची घसरणही साधारण दुप्पट होते. मग जवळजवळ शंभर वर्षांनी, १८८० च्या दशकात, फ्रान्सच्या राऊल यांनी कितीतरी पदार्थ एकेक करून विरघळवून मोजले आणि लक्षात आलं की पदार्थ कुठला यानं फारसा फरक पडत नाही, पाण्यात त्याचे रेणू किती गेले यानं पडतो. आजच्या भाषेत सांगायचं तर १ किलो पाण्यात १ मोल कण विरघळले की गोठणबिंदू १.८६ डिग्री उतरतो. १ मोल म्हणजे कणांची एक ठरावीक मोठी संख्या. साखरेचा १ मोल ३४२ ग्रॅम भरतो, ग्लुकोजचा १८० ग्रॅम, युरियाचा ६० ग्रॅम, तिघांनीही घसरण तेवढीच. म्हणजे रेणू जितका हलका तितकं ग्रॅममागे काम जास्त.

मिठाचं अजून एक आहे. मिठाचा मोल ५८.५ ग्रॅमचा, पण पाण्यात गेलं की ते सोडियम आणि क्लोराइड असं फुटून दोन कण होतंय. म्हणजे हिशोबानं ३.७२ डिग्री घसरण यायला पाहिजे, प्रत्यक्षात साधारण ३.४ येते, कारण ते दोघं पाण्यातही एकमेकांना थोडं ओढून धरतात. हे फुटण्याचं म्हणणं स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी मांडलं तेव्हा बऱ्याच जणांना पटलं नव्हतं, आणि गोठणबिंदूची ही मोजमापंच त्यांच्या बाजूनं मोठा पुरावा ठरली. १९०३ साली त्यांना नोबेल मिळालं. मला हे फार आवडतं, थर्मामीटर घेऊन बर्फ मोजता मोजता पदार्थ आतून कसा आहे ते कळलं.

यातून तुझा दुसरा प्रश्न सुटतोय. ५८.५ ग्रॅम मिठाचं काम करायला हिशोबानं ६८४ ग्रॅम साखर लागेल, म्हणजे जवळजवळ बारापट. आणि कितीही साखर ओतलीस तरी साखर-बर्फ उणे १४ च्या आसपास थांबतो, त्याच्या खाली जातच नाही. मिठाचा तळ उणे २१ आहे. युरिया खाण्याच्या गाडीजवळ आणायचाच नाही, हा विषय इथंच संपला. कॅल्शियम क्लोराइड ताकदवान आहे, एका रेणूचे तीन कण होतात आणि त्याचं पाणी उणे ५० च्या आसपासपर्यंत गोठत नाही, म्हणून जिथं फार खालची डिग्री लागते त्या प्लांटमध्ये तेच वापरतात. पण बाजारात जे फ्लेक्स मिळतात ते विरघळताना गरम होतात, हातात ओल असली तर चटका बसतो. बर्फावर तसेच टाकलेस तर आधी तुझाच बर्फ फुकट वितळवतील. प्लांटमध्ये ते आधी पाण्यात विरघळवून, थंड करून मग वापरतात, गाडीवर ते जमायचं नाही. शिवाय लोखंड ते पण खातंयच. तेव्हा मीठच वापर, आणि पत्र्याच्या ऐवजी आतून प्लास्टिकचा ड्रम किंवा फायबरचा डबा बसव.

मीठ जाडं घे. बारीक मीठ ओल्या बर्फावर पडलं की त्याचे गठ्ठे होतात आणि एका जागी खड्डा पाडतात, जाडं मीठ बर्फाच्या तुकड्यांमध्ये खाली खाली जात हळूहळू विरघळतं. बर्फ फोडून घ्यायचा, लादीचे मोठे गोटे नको, कारण काम पृष्ठभागावर होतंय. प्रमाण साधारण ४ भाग बर्फाला १ भाग मीठ, थरावर थर. सगळं मीठ एकदम टाकायचं नाही. आणि खाली जमलेलं खारं पाणी पूर्ण काढून टाकू नकोस, तेच साच्याला चिकटून थंडी पोचवतंय, नुसत्या बर्फाच्या तुकड्यांमध्ये हवा असतेय आणि हवा थंडी नीट नेत नाही. फक्त त्याची पातळी साच्याच्या तोंडाच्या बरीच खाली ठेव. आत खारं पाणी शिरलं तर चव तर जाईलच, पण ती कुल्फी नीट गोठणारही नाही, का ते आता कळलंच असेल. अजून एक, त्या मिश्रणात उघडा हात जास्त वेळ घालू नको आणि लहान पोरांना तर अजिबात हात लावू देऊ नको. शून्याच्या बर्फाची सवय असलेला हात उणे १५ ला फसतो, थोड्या वेळात कातडी बधिर होतेय आणि भाजल्यासारखे फोड येतात.

"मग मीठ जितकं जास्त तितकं थंड का?" हा प्रश्न पुढं येणारच म्हणून सांगतो, नाही. बर्फाच्या कारखान्यात हे रोजचं दुखणं आहे. लादी करायचा जुना प्रकार म्हणजे एक मोठी टाकी, तिच्यात मिठाचं पाणी म्हणजे ब्राईन, त्यात अमोनियाच्या कॉइल म्हणजे थंड करणाऱ्या नळ्या, आणि ब्राईनमध्ये बुडवलेले पत्र्याचे लांब कॅन, त्यात साधं पाणी. ब्राईन उणे १० च्या आसपास ठेवतात, ते पंपानं फिरत राहतं आणि कॅनमधलं पाणी बाहेरून आत गोठत येतंय. ब्राईन स्वतः गोठता कामा नये ना, म्हणून मीठ. १० टक्के मिठाचं पाणी उणे ६.६ ला गोठायला लागतं, १५ टक्क्यांचं उणे ११ च्या आसपास, २० टक्क्यांचं उणे १६.५ ला, आणि २३ टक्क्यांना थोडं वर म्हणजे उणे २१, हा तळ. त्याच्या पुढं मीठ वाढवलं की उलटा प्रवास सुरू होतोय, आता थंड केलं की पाण्याच्या आधी मीठच स्फटिक होऊन खाली बसायला लागतंय, आणि २६ टक्क्यांच्या पुढं गेलास तर शून्याजवळच बसायला लागतंय. ते बसलेलं मीठ पंपात आणि कॉइलच्या तळाशी जाऊन काय करतंय ते ज्यानं टाकी साफ केलीय त्याला विचार.

त्याच्या उलटी बाजू जास्त नेहमीची. कॅन उचलताना, भरताना पाणी सांडतं, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवाच एवढी ओली असतेय की टाकीच्या थंड पृष्ठभागावर हवेतलं पाणी सारखं उतरत राहतंय. ब्राईन नकळत पातळ होत जातंय. २० टक्क्यांचं १५ वर आलं की त्याचा गोठणबिंदू उणे ११ झाला, आता टाकीतलं ब्राईन उणे ९ ला असलं तरी कॉइलचा पृष्ठभाग उणे १४-१५ ला असतोय, मग कॉइलवर बर्फाची साल चढते. ती साल थंडी अडवते, कॉम्प्रेसर रात्रभर पळतोय, विजेचं बिल चढतंय आणि लाद्या मात्र वेळेवर सुटत नाहीत. लोक कॉइलमधला अमोनिया गॅस कमी झाला म्हणून गॅस भरतात. आधी हायड्रोमीटर बुडवून बघा म्हणतो मी, २० टक्क्यांच्या ब्राईनचं सापेक्ष घनत्व, म्हणजे साध्या पाण्याच्या किती पट जड ते, साधारण १.१५ येतं, ते १.११ दिसलं की मीठ टाका, गॅसला हात लावू नका. नुसत्या मिठाचं काम असतंय आणि बिघाड हजारांचा समजला जातोय, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

त्याच कॅनमध्ये पाणी एकटं गोठण्याचा पुरावा डोळ्यांनी दिसतोय. लादीची कड काचेसारखी स्वच्छ आणि मधला गाभा पांढरा असतो ना, ते म्हणजे पाण्यातले क्षार आणि हवा. बाहेरून गोठत येताना पाणी शुद्ध गोठत आलं आणि जे विरघळलेलं होतं ते सगळं आत आत ढकलत गेलं, शेवटी मध्यभागी सगळ्यांची गर्दी झाली. बोअरचं जड पाणी असलं की गाभा जास्त पांढरा आणि ठिसूळ, बेळगावला येणाऱ्या राकसकोप तलावाच्या पाण्याची लादी जास्त स्वच्छ निघतेय. चांगल्या कारखान्यात तो गाभा गोठायच्या आधीच मधलं पाणी ओढून काढतात आणि ताजं भरतात. आणि एखाद्या कॅनला बारीक भोक असलं, ब्राईन आत शिरत असलं, तर बाकी लाद्या तयार होतात आणि त्या एका कॅनचा गाभा पाणीच राहतो. जुने ऑपरेटर ते पाणी बोटानं जिभेला लावून सांगतात की कॅन फुटलाय.

आपल्या भागात घरटी कोणीतरी लष्करात आहे, बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच आहे, त्यामुळे लडाखला गाडी चालवलेला कोणी ओळखीत असेलच. त्याला विचार, रेडिएटरमध्ये कूलंट निम्मं आणि पाणी निम्मं का घालतात. नुसतं पाणी शून्याला गोठून इंजिनचा ब्लॉक फोडतं. नुसतं इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य द्रव्य, घातलं तर ते उणे १३ च्या आसपास गोठतंय, आणि दोघं निम्मे-निम्मे केले की उणे ३५ च्याही खाली जातंय. दोघंही एकमेकांना गोठू देत नाहीत. इथंही जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं असं नाही, आणि ते विषारी आहे, कुल्फीच्या आसपास कुठंही नको.

आता गुळाकडं येतो, मला खरं तर हेच सांगायचं होतं.

कुल्फीला एक गोठणबिंदू नसतोच. पाणी शून्याला गोठायला लागलं की सगळं गोठेपर्यंत शून्यालाच राहतं, कुल्फी तसं करत नाही. थोडं पाणी गोठलं की उरलेल्या पाण्यात साखर दाट झाली, मग त्याचा गोठणबिंदू अजून खाली गेला, अजून थंड केल्यावर अजून थोडं गोठलं, परत दाट झालं, असं चालत राहतंय. मडक्यातून काढलेल्या ताठ कुल्फीतही पातळ पाक असतोच, बर्फाच्या स्फटिकांच्या मध्ये अडकलेला. म्हणून तर ती दातानं तोडता येते, नुसती बर्फाची लादी कोण चावेल? ताठ की मऊ हे त्या पाकाच्या वाट्यावर ठरतंय.

हिशोब बघ. म्हशीचं दूध, त्यात १०० भागात साधारण ८४ भाग पाणी. दुधाचा स्वतःचा गोठणबिंदू उणे ०.५३ च्या आसपास असतो, लॅक्टोज (दुधातली साखर) आणि क्षारांमुळं. तू आटवून निम्मं केलंस, म्हणजे ५० भाग पाणी उडालं, ३४ उरलं, विरघळलेला ऐवज तेवढाच. म्हणजे पाण्याच्या मानानं तो अडीचपट दाट झाला, गोठणबिंदू उणे १.३ वर गेला, अजून साखरेचा दाणा घातला नाहीस तोवर. आता असं ८५० ग्रॅम आटीव दूध आणि १५० ग्रॅम साखर घेतलीस, पाणी साधारण ५८० ग्रॅम, त्यात १५० ग्रॅम साखर म्हणजे किलो पाण्याला २६० ग्रॅमच्या आसपास, ती ३४२ नं भागून १.८६ नं गुणली की १.४ येतात. एकूण उणे २.७ ला तुझी कुल्फी गोठायला सुरुवात होणार.

पुढचं गणित सोपं आहे. निम्मं पाणी गोठलं की उरलेलं दुप्पट दाट, म्हणजे उणे ५.४. उणे १० ला किती पातळ राहिलं, तर २.७ भागिले १०, म्हणजे २७ टक्के. (दाट पाकात हा हिशोब थोडा हलतो, पण अंदाजाला पुरेसा आहे.)

गुळाचं काय होतंय? एक तर गुळात सगळी साखर नसते, काही भाग ग्लुकोज-फ्रुक्टोजचा असतो, उसाचा रस कढताना साखरेचा रेणू फुटून हे दोन झालेले असतात. एकाचे दोन कण झाले, वजन तेवढंच आणि घसरण जवळजवळ दुप्पट. दुसरं, गुळात खनिज क्षार आहेत, ते मिठासारखेच फुटून कण वाढवतात. आणि तिसरं, हे कोणी मोजत नाही, साखर १५० ग्रॅम घालणारा माणूस गूळ २०० ग्रॅम घालतोय, वास आणि रंग यावा म्हणून. २०० ग्रॅम गुळाची घसरण माझ्या अंदाजानं २.२ च्या आसपास जाते, दुधाची १.३ मिळवली की उणे ३.५. म्हणजे उणे १० ला पातळ भाग ३५ टक्के. २७ चे ३५ झाले, पाक जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं वाढला, आणि तुझी गुळाची कुल्फी कांडीवरून घसरली. मडकं तेच, वेळ तेवढाच, दोष ना बर्फाचा ना मिठाचा.

उपाय दोन बाजूंनी करायचे. एक, गूळ १२० ग्रॅमवर आण आणि चव दाट लागावी म्हणून दूध जास्त आटवायच्या ऐवजी खवा, काजूची पेस्ट घाल. तूप, साय, काजूचं तेल हे पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे गोठणबिंदूला त्यांचा धक्का लागत नाही. कॉर्नफ्लॉवरही चालतं, त्याचे रेणू इतके अवाढव्य की चमचाभरात कणांची संख्या नगण्य, पण मिश्रण दाट झाल्यानं बर्फाचे स्फटिक मोठे होत नाहीत, कुल्फी करकरीत न लागता गुळगुळीत लागते. खव्यात मात्र लॅक्टोज आहे हे विसरू नको, बेताबेतानं. दोन, बर्फात मीठ थोडं वाढव आणि वेळ वाढव. उणे १० च्या ऐवजी उणे १३ ला नेलीस की ३.५ भागिले १३, म्हणजे २७ टक्के, साखरेच्या कुल्फीएवढाच ताठपणा आला.

मध घालायचा विचार करत असशील तर तो गुळाच्याही पुढचा, जवळजवळ सगळा ग्लुकोज-फ्रुक्टोज. बाजारातलं लिक्विड ग्लुकोज नावाला ग्लुकोज, त्यात लांब साखळ्यांचे जड रेणू बरेच असतात, नेहमीच्या प्रकारानं घसरण साखरेपेक्षा थोडी कमीच होते, म्हणून आइस्क्रीमवाले ते वापरतात. आणि लिंबू किंवा कैरीची कांडी करताना साखर आंबट रसाबरोबर उकळू नको, आंबटात उकळली की साखर फुटते आणि कण वाढतात. पाक वेगळा कर, गार कर, मग रस घाल. दूध गूळ घातल्यावर फाटतं तेही टळेल म्हणून गुळाचाही पाक गार करूनच आटीव दुधात मिसळ.

दुधाचं निघालंच आहे तर एक सांगतो, कारण तुझ्या कुल्फीचा पाया ते आहे. दुधाचा तो उणे ०.५३ चा आकडा फारसा हलत नाही, कारण जनावराच्या रक्ताशी त्याचा समतोल असतोय, चारा बदलला, फॅट कमीजास्त झालं तरी हा आकडा जवळजवळ तिथंच. म्हणून डेअरीत क्रायोस्कोप नावाच्या, गोठणबिंदू मोजणाऱ्या यंत्रावर दुधातलं पाणी पकडतात. १०० भागात ५ भाग पाणी मिसळलं की आकडा उणे ०.५० च्या जवळ सरकतो. पाणी घालून वर साखर, मीठ किंवा युरिया टाकणारे आहेत, ते नेमका हाच आकडा आणि लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजणारं साधन) फसवायला टाकतात, म्हणून त्यांच्या वेगळ्या चाचण्या असतात. तुला सांगायचं कारण एवढंच की पाणी घातलेलं दूध आटवायला गॅस जास्त जातो आणि तरी लॅक्टोज कमी राहतं, कुल्फी ताठ होते खरी पण बर्फाळ, करकरीत. ओळखीच्या गवळ्याकडून समोर काढलेलं घे.

गाडीचा पत्रा वाचवायला रोज रात्री खारं पाणी काढून साध्या पाण्यानं धुऊन कोरडं पुसून ठेवायचं. ओल आणि मीठ एकत्र राहिलं की गंज रात्रीत चढतो, नुसत्या कोरड्या मिठानं तेवढा चढत नाही. खारं पाणी गटारीत सोड, झाडाच्या बुडात किंवा कुणाच्या शेताच्या बांधावर ओतू नको, ती जमीन नासते.

आणि उणे ३० पर्यंत दाखवणारा साधा थर्मामीटर घे, फार महाग नाही. एकदा मडक्यातलं खारं पाणी किती डिग्रीला थांबतंय ते बघ आणि तुझं दूध-गुळाचं प्रमाण वजनात लिहून ठेव, चमच्यात आणि वाटीत नको. ते दोन आकडे कळव, तुझ्या मिश्रणाचा हिशोब करून देतो.